उसना झगा आणि पिवळे मोजे

आपल्या भागात कन्नडमधली एक म्हण घरात मराठी बोलणाऱ्या आज्ज्याही सहज वापरतात. 'अल्पनिगे ऐश्वर्य बंदरे अर्धरात्रियल्लि कोडे हिडिद.' हलक्या माणसाच्या हाती पैसा आला की तो मध्यरात्री छत्री धरून हिंडतो. मध्यरात्री कसले ऊन? पण ही छत्री उन्हापावसाची नव्हेच. छत्र हे मोठेपणाचे चिन्ह. आपला 'छत्रपती' हा शब्द त्यातूनच आला. तेव्हा म्हणीतला तो माणूस अगदीच खुळा नाही. आपल्यालाही आता छत्र आहे हे त्याला चारचौघांना दाखवायचे आहे. फक्त बिचाऱ्याची वेळ चुकली.

गेली वीस-बावीस वर्षे मी बी.ए.च्या वर्गाला इंग्रजी नाटके शिकवते. शेक्सपिअर आणि त्याच्या समकालीनांच्या सुखात्मिका सुरू करायच्या आधी मी ही म्हण फळ्यावर लिहिते. पोरे हसतात, आणि अर्धे काम तिथेच होते. कारण १६०० च्या आसपासचे लंडन हे अशा छत्र्यांचे शहर होते, आणि तिथली नाटके त्या छत्र्यांवर पोट भरत होती.

त्या काळी तिथे कपड्यांवर सरकारी कायदा होता. राणी एलिझाबेथने १५७४ साली काढलेल्या फर्मानात कोणत्या दर्जाच्या माणसाने मखमल, रेशीम, जर वापरावी याची यादीच होती. शहर मात्र भराभर वाढत होते. लोकसंख्या दोन लाखांच्या घरात गेली होती, खेड्यांतून तरुण मुले येऊन निदान सात वर्षे उमेदवारी करत होती आणि व्यापारी श्रीमंत होत होते. कायद्याने मखमल ज्याची नव्हती त्याच्याच खिशात आता मखमलीचे पैसे होते. अखेर १६०४ मध्ये पार्लमेंटने हे कायदे रद्द केले.

नाटकवाल्यांची तर गंमतच. १५९९ साली लंडनला आलेल्या टॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की उमराव मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जात. नोकरांना ते घालणे शोभत नसे, म्हणून ते नटांना विकत. म्हणजे रंगमंचावर उमरावाचे सोंग घेणारा नट खऱ्या उमरावाचाच झगा घालून उभा असे. आणि हे नाटकवाले कोण? शेक्सपिअर हातमोजे करणाऱ्याचा मुलगा. मार्लो जोडे करणाऱ्याचा. बेन जॉन्सनचे सावत्र वडील गवंडी, आणि त्याने स्वतःही काही दिवस विटा रचल्या होत्या. मोठा नट एडवर्ड ॲलन हा खानावळवाल्याचा मुलगा. हीच मंडळी रोज दुपारी वर चढू पाहणाऱ्यांची टिंगल करत, आणि एक पेनी देऊन उभे राहून ती पाहणाऱ्यांत निम्मेअधिक तसेच चढू पाहणारे असत.

म्हणून मला या नाटकांकडे पाहताना एकच प्रश्न छळतो. चढणारे सगळेच आहेत. मग नाटक कोणाला माफ करते आणि कोणाला फोडून काढते?

टॉमस डेकरचे 'द शूमेकर्स हॉलिडे' घ्या. १५ जुलै १५९९ रोजी फिलिप हेन्स्लो या नाटकमालकाच्या वहीत या नाटकापोटी तीन पौंडांची नोंद आहे. त्याच काळात नट ॲलनने एका भरजरी मखमली झग्याला वीस पौंडांहून अधिक मोजले होते. लेखकाची किंमत झग्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी! असो. नाटकाचा नायक सायमन आयर हा जोडे करणारा कारागीर. तोंडाचा फटकळ, मनाचा मोकळा, स्वतःच्या कारागिरांवर आणि बायकोवर दिवसभर ओरडणारा, आणि त्याच कारागिरांसाठी बिअर मागवणारा. शेवटी हा आयर लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर होतो. (आपल्याकडे महापौरपद म्हटले की निराळेच विषय निघतात, ते इथे नकोत.)

होतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. बंदरात एक डच जहाज लागलेले आहे. माल भारी, पण मालकाला काही कारणाने समोर यायची सोय नाही, त्यामुळे तो स्वस्तात जाणार. आयरकडे एवढी पत नाही. मग तो शहराच्या ऑल्डरमनचा, म्हणजे वरिष्ठ नगरसेवकाचा, पायघोळ झगा अंगावर चढवतो, बोटात मोहोरेची अंगठी घालतो आणि तसाच जहाजाच्या कप्तानाला भेटतो. अजून तो ऑल्डरमन झालेला नाही! सौदा पटतो, पैसा होतो, आणि त्या पैशावर तो खरोखरच ऑल्डरमन, मग शेरीफ, मग वरची काही मंडळी वारल्यामुळे महापौर. झगा आधी आला, पद मागून. दुसऱ्या कोणी हे केले असते तर आपण त्याला सरळ फसवणूक म्हटले असते. डेकर हा प्रसंग इतक्या झटपट उरकतो की प्रेक्षकाला विचार करायला सवडच मिळत नाही.

आयरच्या बायकोच्या, मार्जरीच्या, वाट्याला मात्र थोडी टिंगल येते. नवरा शेरीफ होणार असे कळताच ती कारागिरांना विचारू लागते, फ्रेंच पद्धतीची टोपी कुठे मिळेल, घेरदार सांगाडा कोण करतो, खोटे केस कुठे विकत घ्यावेत. बुचाचे, लाकडी टाचेचे जोडेही हवेत. कारागीर तिच्या तोंडावर चावट उत्तरे देतात. पण ही थट्टा घरातली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवी पैठणी नेसून आरशासमोर उभ्या राहिलेल्या काकूंची पोरे करतात तशी. तिच्यात विष नाही.

आयरला माफी का मिळते? मला वाटते, त्याने वर चढताना दुकान सोडले नाही म्हणून. उमेदवार असताना त्याने शब्द दिलेला असतो, की मी कधी महापौर झालो तर शहरातल्या सगळ्या उमेदवार पोरांना जेवण घालीन. तो ते घालतो. राजा स्वतः जेवायला येतो, तेव्हा आयर त्याच्याकडे आपल्यासाठी सरदारकी मागत नाही. नव्या लेडनहॉलच्या इमारतीत आठवड्यातून दोन दिवस चामड्याचा बाजार भरवायची परवानगी मागतो. मोठे झाल्यावर आपल्या धंद्याची लाज न वाटणारा माणूस, म्हणून जोडेवाल्यांनी आणि त्यांच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतले असेल तर नवल नाही.

याच नाटकात एक छोटा प्रसंग आहे, तो मला आयरच्या सगळ्या वैभवापेक्षा मोठा वाटतो. रेफ नावाचा कारागीर युद्धावर जातो आणि लंगडा होऊन परततो. तो मेला असे समजून त्याची बायको जेन एका हॅमन नावाच्या श्रीमंताशी लग्नाला कशीबशी तयार झालेली असते. रेफने जाताना तिला स्वतः केलेले जोडे दिले होते. लग्नासाठी त्याच मापाचे नवे करायला म्हणून त्यातला एक नेमका रेफच्याच हाती येतो, आणि त्याला पत्ता लागतो. जेन नवऱ्याकडे परत येते. हॅमन तेव्हा रेफला वीस पौंड देऊ करतो, बायको सोड म्हणून. लंगडा, कफल्लक रेफ ते धुडकावतो. वर चढायला वीस पौंड कमी नव्हते.

आता इतिहासाची खोच. प्रत्यक्षात सायमन आयर नावाचा माणूस १४४५ साली लंडनचा महापौर झाला होता, आणि लेडनहॉल त्यानेच बांधवले. पण तो जोडेवाला नव्हता, कापडाचा व्यापारी होता. महापौर हा बारा बड्या व्यापारी संघांतूनच निवडायचा अशी रीत होती, आणि जोडेवाल्यांचा संघ त्या बारांत नव्हता. टॉमस डेलोनी या लेखकाने आपल्या गोष्टीत आयरला जोडेवाला करून टाकला आणि डेकरने ती गोष्ट उचलली. लंडनच्या जोडेवाल्यांना महापौरपद मिळाले ते असे, रंगमंचावर.

त्याच १५९९ साली जॉन्सनच्या 'एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर' या नाटकात सॉग्लिआर्डो नावाचा एक गावंढळ धनिक तीस पौंड मोजून कुलचिन्ह विकत घेतो आणि आता आपण 'जंटलमन' झालो म्हणून नाचतो. त्याच्या चिन्हावर बिनडोक्याचा डुक्कर! शेक्सपिअरच्या वडिलांना कुलचिन्ह मिळाले ते तीनच वर्षांपूर्वी, १५९६ मध्ये, आणि सॉग्लिआर्डोच्या ब्रीदवाक्याची थट्टा शेक्सपिअर घराण्याच्या ब्रीदवाक्यावर आहे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मौज अशी, की हे नाटक शेक्सपिअरच्याच कंपनीने केले. पुढे १६०२ मध्ये राल्फ ब्रुक या अधिकाऱ्याने लायकी नसताना कुलचिन्हे मिळालेल्यांची तक्रार केली, तिच्यात 'शेक्सपिअर, नट' असा उल्लेख आहेच.

टोमणा ज्याला बसला असावा त्याने 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये माल्व्होलिओ रंगवला. माल्व्होलिओ हा ऑलिव्हिया या श्रीमंत सरदारकन्येच्या वाड्याचा कारभारी. शिस्तीचा, कोरडा, दुसऱ्याच्या हसण्यावर नाक मुरडणारा. मालकीण आपल्याशी लग्न करील आणि आपण सरदार होऊ, असे स्वप्न तो बागेत एकटाच मोठ्याने पाहत असतो. अंगात वेलबुट्टीचा मखमली झगा, दुपारची झोप काढून उठलेले आपण, समोर नोकर उभे. स्वप्नात तो गळ्याशी काहीतरी चाळवायला जातो आणि थबकतो. तिथे आज कारभाऱ्याची साखळी आहे; सरदाराच्या हाताला तिथे रत्न लागायला हवे. नोकरीचा पट्टा स्वप्नातही गळ्यात राहतो, हे शेक्सपिअरने एका हातवाऱ्यात दाखवले आहे.

मग वाड्यातली मंडळी कट करतात. ऑलिव्हियाची सखी मारिया मालकिणीच्या अक्षरासारख्या अक्षरात एक प्रेमपत्र लिहून बागेत टाकते. माल्व्होलिओ ते वाचून पिवळे मोजे आणि आडवेतिडवे पट्टे बांधून मालकिणीसमोर हसत जातो. त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात, आणि विदूषक पाद्री होऊन त्याचे डोके खरोखरच फिरते का ते बघतो. १६०२ च्या २ फेब्रुवारीला हे नाटक लंडनच्या मिडल टेंपल या वकिलीच्या संस्थेत झाले. तिथे शिकणाऱ्या जॉन मॅनिंगहॅमने रोजनिशीत याच फजितीचे खास कौतुक केले आहे. वकील होऊन वर चढायला आलेली ती मुले कारभाऱ्याला हसत होती. पुढे राजा पहिल्या चार्ल्सने आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाशेजारी 'माल्व्होलिओ' असे लिहून ठेवले. राजालाही तोच लक्षात राहिला.

वर्गात मी मुलांना विचारते, या कटाचे बक्षीस कोणाला मिळाले? थोड्या वेळाने एखादी मुलगी बरोबर उत्तर देते. मारियाला. ऑलिव्हियाचा दारुडा काका सर टोबी तिच्या करामतीवर खूष होऊन तिच्याशी लग्न करतो. म्हणजे त्याच वाड्यात, त्याच मालकिणीच्या पदरी असलेली मारिया लग्नाने वर चढते, आणि लग्नाने वर चढायचे स्वप्न पाहिले म्हणून माल्व्होलिओ कोंडला जातो. आणि आयर? त्याने तर पद नसताना झगा घालून प्रत्यक्ष सौदा केला. माल्व्होलिओने एकांतात नुसती मखमल कल्पिली, आणि मालकिणीचीच आज्ञा समजून मोजे घातले.

माल्व्होलिओ तुसडा आहे, हे कबूल. पण तुसडेपणाची शिक्षा अंधारकोठडी नसते. त्याचा खरा गुन्हा, मला वाटते, त्याच्या बाजूने कोणी नाही हा आहे. आयरमागे अख्खे दुकान होते, मारियामागे वाड्यातली टोळी. हा एकटा. शेवटी सूडाची धमकी देऊन तो निघून जातो तेव्हा ऑलिव्हियाही म्हणते, की याला फार वाईट वागवले. दरवर्षी याच ठिकाणी माझा वर्ग थोडा गप्प होतो. वर्गातल्या पुष्कळांचे वडील कोणाच्या तरी पदरी कारकुनी किंवा देखरेख करणारे असतात.

मला सर्वांत आवडते ते मात्र 'ईस्टवर्ड हो', १६०५ सालचे. जॉन्सन, चॅपमन आणि मार्स्टन या तिघांनी मिळून लिहिलेले. टचस्टोन सोनाराच्या दोन मुली. थोरली गर्ट्रूड आणि धाकटी मिल्ड्रेड. दुकानात दोन उमेदवार. कष्टाळू गोल्डिंग आणि उधळ्या क्विकसिल्व्हर. गर्ट्रूडला 'लेडी' व्हायचे आहे. ती पहिल्यांदा येते तेव्हा डोक्यावर फ्रेंच थाटाचा साज आणि अंगात साधा शहरी झगा, अशी अर्धी दरबारात आणि अर्धी पेठेत. शिंपी नवा झगा घेऊन आला आहे, दासीने एक माकड दोरीला धरले आहे, आणि धाकटी बहीण शेजारी निमूट शिवत बसली आहे. या एका दृश्यात सगळे नाटक आले.

गर्ट्रूडचे लग्न ठरते सर पेट्रोनेल फ्लॅशशी. त्याचा पूर्वेला कुठेतरी गढीवजा वाडा आहे म्हणे. लग्न होताच ती घोडागाडीत बसून वाडा बघायला निघते आणि पेठ ती गाडी बघायला लोटते. वाडा अर्थातच नाही. नवऱ्याने तिची आजोळची जमीन सावकाराकडे अडकवून पैसा काढला आहे आणि तो व्हर्जिनियाला सोने आणायला निघाला आहे. त्याचे जहाज समुद्र सोडाच, टेम्स नदीच्या बाहेरही पडत नाही. वादळात होडी उलटते. नदीकाठी चिखलात येऊन पडलेल्या सर पेट्रोनेलला वाटते आपण फ्रान्सला लागलो. तो वाटेवरच्या सद्गृहस्थांशी फ्रेंच बोलू लागतो!

त्यातला एक गृहस्थ स्कॉटिश उच्चारात म्हणतो, याला मी ओळखतो, हा माझ्या तीस पौंडी सरदारांपैकी एक. प्रेक्षक हसले असणार आणि दरबार चिडला. कारण राजा जेम्स स्कॉटलंडहून आलेला, आणि १६०३ साली, कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षात, त्याने नऊशेहून अधिक लोकांना 'सर' करून टाकले होते. (१६११ पासून तर 'बॅरोनेट' हा नवा किताब १,०९५ पौंडांना उघड मिळू लागला.) जॉन्सन आणि चॅपमन तुरुंगात गेले. नाक-कान कापणार अशी बोलवा होती. सुटल्यावर जॉन्सनने मित्रांना मेजवानी दिली, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने एक विषाची पुडी काढून दाखवली. शिक्षा झाली असती तर ही तुझ्या पेयात घातली असती, आणि आधी मी स्वतः प्याले असते, असे ती म्हणाली. जॉन्सननेच हे पुढे आपल्या एका कवीमित्राला सांगितले. गवंड्याच्या घरातल्या त्या बाईचा ताठा कोणत्या कुलचिन्हात बसवणार?

इकडे गर्ट्रूडचे दागिने गेले, झगे गेले. पण ती म्हणते, मी अजून लेडी आहेच. पूर्वीसारख्या पऱ्या आता का येत नाहीत, आल्या असत्या तर पैसे ठेवून गेल्या असत्या, असा ती दासीशी गंभीरपणे विचार करते. हसू येते आणि पोटात कालवतेही. अखेर जिला हिणवले त्या धाकट्या बहिणीच्या दारातच तिला जावे लागते. मिल्ड्रेडचे लग्न कसे झाले होते? थोरलीच्या मेजवानीतल्या उरलेल्या थंड अन्नावर. गोल्डिंगनेच तशी काटकसर सुचवली होती! हाच गोल्डिंग बघता बघता शहराचा अधिकारी होतो आणि सर पेट्रोनेल व क्विकसिल्व्हर यांचा खटला त्याच्यापुढे येतो. सद्गुणाचा पुतळा. माझ्या विद्यार्थ्यांना तो अजिबात आवडत नाही, आणि मला शंका आहे की लेखकांनाही तो फारसा आवडत नसावा.

वीस वर्षांनी सूर बदलतो. मॅसिंजरच्या 'अ न्यू वे टु पे ओल्ड डेट्स'मधला सर जाइल्स ओव्हररीच हा पुतण्याला लुबाडणारा, शेजाऱ्यांच्या जमिनी गिळणारा. मक्तेदारीच्या गैरव्यवहारांवरून १६२१ मध्ये पार्लमेंटने ज्याच्यावर खटला भरला त्या सर जाइल्स मॉम्पेसनची त्यात आठवण आहे. त्याला एकच ध्यास, मुलगी उमरावाच्या घरात पडावी. तिच्याबद्दल माया नाही, तिच्या नावापुढे किताब हवा. शेवटी मुलगी भलत्याशीच लग्न करते आणि हा रंगमंचावर वेडा होतो. इथे हसू थांबते. लेखक मॅसिंजरचे वडील पेंब्रोक या सरदार घराण्याच्या पदरी अधिकारी होते. घराण्यांच्या उंबरठ्याची उंची त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

आणि डेकर? ज्याने जोडेवाल्याला महापौर केले, ज्याचे ते नाटक १६०० च्या नववर्षदिनी खुद्द राणीपुढे झाले, तो जन्मभर कर्जात राहिला. १५९८ साली त्याला कर्जाच्या कोठडीतून सोडवायला हेन्स्लोने पैसे भरले होते. १६१२ मध्ये तो पुन्हा आत गेला, आणि या वेळी सुटायला सात वर्षे लागली. त्याच काळात हेन्स्लोच्या सावत्र मुलीचा नवरा, खानावळवाल्याचा मुलगा एडवर्ड ॲलन, डल्विच गावची जहागीर विकत घेऊन बसला होता आणि तिथे गरिबांसाठी आश्रम आणि शाळा बांधत होता. १६१६ च्या सप्टेंबरात डेकरने किंग्ज बेंचच्या तुरुंगातून त्याला पत्र पाठवले. सोबत त्याच्या दानधर्माची स्तुती करणारी एक कविता होती.